गाळा भाड्याचा, स्लॅब कोणाचा? ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा जागा घेणाऱ्यांसाठी

गाळा घेताना भाडं, डिपॉझिट आणि दलाली यांवर तासन्‌तास घासाघीस होते. दुरुस्तीचं कलम मात्र एजंटच्या कॉम्प्युटरमधून आहे तसंच येतं: ‘सर्व दुरुस्ती लायसन्सीने स्वखर्चाने करावी.’ लायसन्सी म्हणजे जागा घेणारे तुम्ही. सह्या होतात, फर्निचर लागतं, दसऱ्याला पूजा होते. पुढच्या जुलैमध्ये काउंटरच्या वर स्लॅबचे पोपडे सुटतात आणि गंजलेली सळई डोकावायला लागते. मालक म्हणतो, करारात लिहिलंय, दुरुस्ती तुमची. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, तुम्ही मेंबर नाही, मालकाला पाठवा. वरच्या फ्लॅटवाले दारच उघडत नाहीत.

या तिघांपैकी पैसे कोणी द्यायचे, हे बहुतेक वेळा सही करण्याआधी ठरवता येतं. नंतर ठरवायला गेलात तर ते वकिलाच्या ऑफिसात ठरतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग सहीच्या आधीच्या कामांवर आहे. ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांनी खाली ‘पोपडे पडल्यावर’ या भागापासून वाचलं तरी चालेल.

आधी कागद ओळखा

आपण सगळेच सरसकट ‘भाड्याने घेतलं’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र तीन वेगळे प्रकार आहेत आणि दुरुस्तीची जबाबदारी तिन्हींत वेगळी पडते.

पहिला प्रकार पागडीचा (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेली जागा) किंवा जुन्या भाडेकराराचा. ठाण्यात जांभळी नाका, बाजारपेठ, नौपाड्याचा जुना भाग इथे असे दुकानदार अजून आहेत. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. त्याचं कलम १४ सांगतं की उलट करार नसेल तर जागा वापरण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी वेळ थांबायचं, मग दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. त्यालाही मर्यादा आहे. एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. महिना ४०,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ४,८०,००० होतात आणि त्यातले फार तर १,२०,००० वळते होतात. पागडीचं भाडं महिना काहीशे रुपये असेल तर हा हक्क कागदावर छान दिसतो, त्यातून स्लॅब होत नाही. शिवाय बँका, सरकारी महामंडळं आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना हा कायदा लागूच होत नाही.

दुसरा प्रकार लीजचा. मोठी शोरूम, बँकेची शाखा, वेअरहाऊस असं काही असलं की सहसा लीज होतं. भाडे नियंत्रण कायद्याबाहेर राहणाऱ्या लीजला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ लागतं, तेही करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. अनेकांचा समज असतो की या कायद्याने मालकावर दुरुस्तीची सक्ती केली आहे. तशी सरसकट सक्ती त्यात नाही. मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायला हवा, हे आहे. जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने नोटीस देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापावा, हेही आहे. पण ‘बांधील’ कशाला, हे करारानेच ठरतं. उलट भाडेकरूवरची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे: जागा मिळाली तशा स्थितीत राखायची आणि तशीच परत करायची. नेहमीची झीज आणि कोणाच्या हातात नसलेली आपत्ती तेवढी वगळून.

तिसरा प्रकार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. ठाणे-नवी मुंबईतले बहुसंख्य लहान गाळे, क्लिनिक, क्लास आणि ऑफिसं याच कागदावर चालतात, कारण लीजपेक्षा स्टॅम्प ड्युटी फारच कमी पडते. हा करार ईझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ च्या कलम ५२ खाली येतो. यात तुम्हाला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. मालकाला माहीत असलेला, तुम्हाला किंवा तुमच्या मालाला धोका होईल असा दोष त्याने तुम्हाला सांगावा, एवढं कलम ५७ म्हणतं. दुरुस्ती कोणी करायची, यावर हा कायदा जवळपास गप्प आहे. भाडेकरूला मिळणारं कलम १४ चं संरक्षणही आजच्या लायसन्सीला मिळत नाही.

म्हणजे तुमच्या हातात लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर दुरुस्तीच्या बाबतीत तुमचा कायदा तोच. त्यात जे लिहिलं ते लागू, जे लिहिलं नाही ते भांडणाला मोकळं.

करार नोंदवून घ्या, हे वेगळं सांगायला नको. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही. ऐकायला हे तुमच्या फायद्याचं वाटतं, पण दुकानाचं लायसन्स, जीएसटी नोंदणी, बँक खातं सगळीकडे नोंदणीकृत करारच मागतात.

मालकाच्या वर कोण आहे

गाळा ज्याच्या नावावर आहे तो त्या गाळ्यापुरता मालक. त्याच्या डोक्यावरचा स्लॅब, बाहेरची भिंत, गच्ची, खालचे कॉलम हे बहुतेक सोसायटीच्या ताब्यातले. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गच्ची, बाहेरच्या पाइपलाइन, सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या, पावसाच्या पाण्याची गळती आणि छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती ही कामं सोसायटीच्या खर्चाने करायची आहेत. गाळ्याच्या आतलं बाकी सगळं सभासदाचं. निव्वळ दुकानं-ऑफिसांची प्रिमायसेस सोसायटी असेल तर तिचे उपविधी वेगळे असू शकतात, प्रत मागून वाचा. आणि तुम्ही सभासद नसल्यामुळे सोसायटीशी पत्रव्यवहार मालकाच्या सहीनेच होतो. सोसायटी ऐकत नाही ही मालकाची अडचण आहे, तुमची नाही. करारात ती तुमची होऊ देऊ नका.

नवी मुंबईत आणखी एक थर असतो. वाशी, नेरुळ, बेलापूर, कोपरखैरणे या नोड्समधली बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली आहे. महापे, तुर्भे, पावणे, रबाळे आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेट इथे जमीन एमआयडीसीची. एमआयडीसीच्या प्लॉटवरचा गाळा किंवा शेड घेत असाल तर प्लॉटधारकाने पोटभाड्याची परवानगी घेतली आहे का, हे आधी बघा. परवानगी नसेल तर दुरुस्तीच्या भांडणात तुम्ही कोर्टात मोठ्याने बोलूच शकत नाही, कारण समोरचा पहिला मुद्दा तुमच्या तिथे असण्याचाच काढतो.

गावठाणातल्या इमारतींबद्दल वेगळं सांगतो. भाडं कमी, रस्ता चालता, गिऱ्हाईक भरपूर, म्हणून मोह होतो. यातल्या बऱ्याच इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली मंजुरी) नाही, कोणता कॉलम कोणी काढून दिला त्याचा नकाशा नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत कोसळून ७४ माणसं गेली. २०२४ च्या जुलैमध्ये बेलापूरच्या शहाबाज गावात इमारत पडली. अशा इमारतीत करारातलं कलम कितीही चांगलं असलं तरी ते स्लॅबला आधार देत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर जागा सोडा, एवढंच माझं मत.

घोडबंदर रोड किंवा खारघरकडच्या नव्या इमारतीत उलटा फायदा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरल दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. हा हक्क गाळा विकत घेणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या मालकाचा. बऱ्याच मालकांना तो माहीतच नसतो. ताब्याची तारीख विचारून घ्या.

जागा बघायला टॉर्च घेऊन जा

एजंट जागा दाखवतो ती नव्या रंगाची, नव्या फॉल्स सीलिंगची. रंगाचा वास अजून येत असेल तर भिंतींपेक्षा वर जास्त बघा. सीलिंगची एक टाइल उचलायला सांगा. नाही म्हणाले तर का नाही ते विचारा. आत टॉर्च मारून स्लॅब बघा: तपकिरी डाग, ओलीचे पांढरट क्षार, सुटलेलं प्लास्टर, उघडी सळई. शंका असेल तिथे लाकडी दांड्याने हलकं ठोकून बघा. बद्द आवाज आला की आत पोकळी झाली आहे.

सगळे तडे घाबरण्यासारखे नसतात. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात, त्या बहुधा प्लास्टरपुरत्याच. विटेची भिंत जिथे कॉलमला भिडते तिथे सरळ उभी चीर दिसते, तीही सहसा दोन वेगळ्या मालांच्या जोडाची. लक्ष द्यायचं ते वेगळ्याच तड्यांकडे. कॉलमच्या कडेला, आतल्या सळईच्या रेषेत वरून खाली गेलेली चीर. बीमच्या टोकाशी, आधाराजवळ तिरका तडा. बीमच्या तळाशी लांबट चीर आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा ओघळ. आपल्याकडची हवा दमट, खाडी जवळ, पाऊस चार महिने. ओल काँक्रीटमधून सळईपर्यंत गेली की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. खाली पडणारा पोपडा हा त्याचा शेवटचा टप्पा. सुरुवात कित्येक वर्षं आधी झालेली असते. म्हणूनच ‘गेल्या पावसाळ्यात काही नव्हतं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

जमलं तर जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघा. एप्रिलमध्ये सगळेच गाळे कोरडे असतात.

वर काय आहे तेही बघा. डोक्यावर फ्लॅटचं बाथरूम असेल तर गळती आज ना उद्या येणार, असं धरून चाला.

याच वेळी फोटो काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक बीम, शटरच्या वरचा लिंटेल (आडवी काँक्रीटची पट्टी), बाहेरचा छज्जा, ड्रेनेजचं चेंबर. मालकासमोर काढा आणि त्याच दिवशी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: ‘काका, आज पाहिलेल्या जागेचे फोटो पाठवतोय, करारासोबत जोडूया.’ कोणी नाराज होत नाही. हेच फोटो जागा सोडताना डिपॉझिट वाचवतात.

ऑडिट रिपोर्ट मागा

इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं सक्तीचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत त्याहून कडक वेळापत्रक आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. वाशी-नेरुळच्या सुरुवातीच्या इमारती आणि ठाणे स्टेशन परिसरातल्या बऱ्याच इमारती कधीच ३० च्या पुढे गेल्या आहेत.

रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी बघा. एक, वर्गवारी. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२बी ऐकून हायसं वाटतं, पण धंदेवाल्यासाठी त्याचा अर्थ असा की काही महिने तुमच्या दारासमोर परांची, जाळ्या आणि धूळ असणार. मिठाईचं दुकान किंवा दाताचा दवाखाना असेल तर त्या काळाचं भाडं आधी बोलून घ्या. दोन, चाचण्या खरंच झाल्या आहेत का. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ-सेल पोटेन्शियल, कार्बोनेशन, कोअर टेस्ट यांतल्या काहींचे आकडे रिपोर्टमध्ये दिसायला हवेत. नुसते फोटो आणि ‘इमारत सुस्थितीत आहे’ असं एक पान असेल तर तो रिपोर्ट फाइलपुरता आहे.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात. सही करण्याआधी त्यात इमारतीचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

रिपोर्ट द्यायला सोसायटी कां-कूं करत असेल, तर बांधकामातल्या ओळखीच्या इंजिनिअरला तासाभरासाठी जागेवर न्या. गाळ्याच्या फर्निचरवर तुम्ही लाखांनी खर्च करणार आहात, त्यापुढे त्याची फी काहीच नाही.

कलम नव्याने लिहून घ्या

भीड ही भिकेची बहीण, हे इथे अक्षरशः खरं आहे. ‘सर्व दुरुस्ती लायसन्सीची’ हे वाक्य खोडायला सांगायचंच. मालक सहसा अडत नाहीत, कारण त्यांनीही ते कधी नीट वाचलेलं नसतं. अडणाऱ्या मालकाचा स्लॅब पुन्हा एकदा बघून या.

त्या जागी साधारण असा मजकूर चालेल (लायसन्सर म्हणजे मालक), वकिलाकडून पक्का करून घ्या:

‘पाया, कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरच्या भिंती, छज्जे, गच्ची तसेच पाणी व सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या यांची दुरुस्ती लायसन्सर स्वखर्चाने करेल किंवा सोसायटीकडून करून घेईल. आतील रंग, फरशी, शटर, दारे-खिडक्या, विजेचे व नळाचे आतील काम यांची देखभाल लायसन्सी करेल. स्ट्रक्चरल नुकसान लायसन्सीच्या बांधकामामुळे किंवा वापरामुळे झाल्याचे दोघांनी मिळून नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालात आढळल्यास तो खर्च लायसन्सीचा राहील.’

शेवटचं वाक्य मालकाच्या बाजूचं आहे आणि ते असायला हवं. त्यामुळे बाकीचं मान्य होतं आणि ‘कोणामुळे झालं’ याचा निवाडा आवाज कोणाचा मोठा यावर होत नाही.

मुदतही लिहा. लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत काम सुरू. सळई उघडी पडणं, प्लास्टर लोंबणं अशा धोक्याच्या वेळी ४८ तासांत निदान टेकू तरी. तोवर काही झालं नाही तर लायसन्सीने आणीबाणीची दुरुस्ती करून बिलं दाखवून रक्कम मासिक फीमधून वळती करावी. वर पाहिलंच आहे की वळतं करण्याचा हक्क लायसन्सीला कायद्यातून आयता मिळत नाही, म्हणून हे वाक्य गाळू नका.

आणि लॉक-इन, म्हणजे करार मोडून जागा सोडता येत नाही तो काळ. तीन वर्षांच्या लॉक-इनमध्ये दुसऱ्याच वर्षी पालिकेची नोटीस आली तर काय? महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६८ खाली आयुक्त इमारत रिकामी करायला सांगू शकतात. करारात हवं ते असं: इमारत सी-१ किंवा सी-२ए मध्ये गेली, किंवा दुरुस्तीमुळे जागा सलग इतके दिवस बंद राहिली, तर लॉक-इन संपेल, त्या काळाची फी लागणार नाही आणि डिपॉझिट ठरलेल्या दिवसांत परत मिळेल. डिपॉझिट सहा-आठ महिन्यांच्या भाड्याइतकं असतं. ते अडकलं तर नवी जागा घेणार कशातून?

विम्याचं थोडक्यात: इमारतीचा विमा मालकाचा, माल आणि फर्निचरचा तुमचा. पण हळूहळू होणारी झीज आणि गंज यांवर विमा सहसा पैसे देत नाही. स्लॅबची समस्या विम्यावर ढकलू नका.

तुमच्याकडून होणारं नुकसान

दरवेळी दोष मालकाचाच असतो असं नाही. गाळा ताब्यात आला की इंटिरिअरवाला ‘सर, एवढं काढलं की जागा मोकळी वाटेल’ म्हणतो. दोन गाळ्यांमधली भिंत पाडणं, शटर उंच करायला लिंटेल कापणं, बीमला कोअर कटिंग करून डक्ट नेणं, कॉलमला ड्रिल मारून लोखंडी पोटमाळा टांगणं, छज्ज्यावर एसीची चार आउटडोअर युनिट्स चढवणं. यातलं प्रत्येक काम इमारतीच्या हाडांना हात घालतं. पाच वर्षांनी तडा गेला की रिपोर्टमध्ये तुमचंच नाव येतं.

वजनाचा हिशोब फार कमी जण करतात. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात, किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी ४००. गोदामाचा त्याहून बराच जास्त. म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कागदाच्या रिमांचा साठा, जिमची मशिनं किंवा टाइल्सचं डिस्प्ले सेंटर थाटलं तर स्लॅब ज्या भारासाठी बांधलाच नाही तो तुम्ही त्यावर ठेवता. घराचा दुकान म्हणून वापर करायला पालिकेची परवानगी लागते, सिडकोच्या जमिनीवर सिडकोचीही. परवानगीशिवाय केलं आणि स्लॅब खचला तर मालक हात वर करणार आणि ते बरोबरही असेल.

कायमस्वरूपी बांधकामाला मालकाची लेखी परवानगी लागते. पागडीवाल्यांसाठी तर हे जीवनमरणाचं आहे, कारण लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम हे भाडे नियंत्रण कायद्यात जागा खाली करून घेण्याचं कारण आहे. सहज काढता येणारं लाकडी पार्टिशन त्यात येत नाही. विटेचं येतं.

पोपडे पडल्यावर

आधी खालची जागा मोकळी करा. टेबल हलवा, गिऱ्हाइकाला तिथे उभं करू नका. सीलिंग फॅन लोंबत्या भागात असेल तर उतरवा. तड्यावर इंजिनिअर काचेची पट्टी चिकटवतात. ती काही दिवसांत फुटली तर तडा वाढतोय. तसं दिसलं तर दुकान बंद ठेवा.

मग पाणी कुठून येतं ते शोधा, कारण पैसे त्यावरूनच ठरतात. वरच्या फ्लॅटचं बाथरूम असेल तर तो फ्लॅटवाला. सामाईक पाइप, बाहेरची भिंत किंवा गच्ची असेल तर सोसायटी. तुमच्याच पँट्रीच्या सिंकखाली असेल तर तुम्ही. शोधणं सोपं आहे: वरच्या बाथरूमचं पाणी दोन दिवस बंद ठेवून खाली ओल कमी होते का ते बघतात, किंवा रंगीत पाणी टाकून बघतात. पाऊस नसतानाही गळती चालू असेल तर गच्चीवर संशय कमी, पाइपवर जास्त.

मालकाला फोन केलात तर ते ‘बघू, पाऊस उघडू दे’ म्हणतील. फोन करा, पण त्याच दिवशी लेखीही पाठवा: स्पीड पोस्टने, प्रत ईमेलवर, फोटोसह. मजकूर साधा असावा: ‘दि. अमुक रोजी गाळा क्र. अमुक येथे स्लॅबचे काँक्रीट निखळून सळया उघड्या पडल्या आहेत. सोबत फोटो जोडले आहेत. करारातील कलम अमुकनुसार ही दुरुस्ती आपण करावयाची आहे. १५ दिवसांत काम सुरू करावे, तोपर्यंत तात्पुरते टेकू लावावेत. सोसायटीस आपल्या सहीचे पत्र द्यावे. असे न झाल्यास कराराप्रमाणे काम करून घेऊन खर्च वळता केला जाईल.’ यात राग नको, इतिहास नको, ‘गेल्या वर्षीच सांगितलं होतं’ नको. कोर्टात हाच कागद वाचला जातो.

मालकाने माणूस पाठवला की तो काय करतो ते उभं राहून बघा. सिमेंटचा हात मारून पांढरा रंग लावणं ही दुरुस्ती नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा पडदा आहे. नीट कामात आधी गळती थांबवतात. मग टेकू लावून सुटलेलं काँक्रीट पक्क्या भागापर्यंत फोडतात, सळईचा गंज ब्रशने घासून काढतात, सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी बांधतात, गंजरोधक कोट देतात आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीटने भरतात. त्यावर पाणी मारून मग प्लास्टर. यातली सळईची पायरी गाळली तर बाकी सगळं वाया.

स्वतः काम करून घ्यायची वेळ आली तर किमान दोन कोटेशन घ्या, ती मालकाला पाठवा, कामाआधी-मधे-नंतर फोटो काढा आणि रोखीत व्यवहार करू नका. कॉलम-बीमला मात्र मालक आणि सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका, पैसे तुमचे असले तरी.

भाडं थांबवू नका

रागाच्या भरात हीच गोष्ट आधी सुचते आणि मालकाला हवीही तीच असते. भाडं थकलं की विषय स्लॅबचा राहत नाही, थकबाकीचा होतो. करारात किंवा कायद्यात असेल तेवढंच, हिशोब लेखी देऊन कापा आणि उरलेलं बँकेतून वेळेवर भरा. मालक घेत नसेल तर वकिलाला सांगून पुढचा मार्ग ठरवा, पण दिलं होतं याचा पुरावा हवा. उलट बाजूने मालकाने दबावासाठी वीज-पाणी तोडलं तर भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली दाद मागता येते.

पालिकेकडे तक्रार करायची का? धोका खरा असेल तर हो, प्रभाग समितीच्या किंवा विभाग कार्यालयात लेखी. पण ही दोरी एकदा ओढली की परत घेता येत नाही. पाहणी झाली, इमारत सी-१ ठरली, तर सगळ्यात आधी बाहेर पडणाऱ्यांत तुम्ही असाल. जीव धोक्यात असेल तर हा विचार करू नका. निव्वळ मालकाला धडा शिकवायचा असेल तर दोनदा करा. पागडीवाल्यांनी इमारत खाली करताना आपल्या जागेचं मोजमाप नोंदवून घेतल्याशिवाय किल्ली सोडू नये. पुनर्विकासात सगळा दावा त्या चौरस फुटांवर चालतो.

जागा सोडताना

डिपॉझिटमधली बहुतेक कापाकापी शेवटच्या आठवड्यात सुचते. महिनाभर आधी मालकाला बोलवा, पहिल्या दिवसाचे फोटो समोर ठेवा आणि काय काढायचं, काय ठेवायचं याची यादी दोघांच्या सहीने करा. रंग उडणं, फरशीची झीज हे नेहमीच्या वापरात येतं. तुम्ही मारलेली भोकं, काढलेली भिंत, पोटमाळ्याचे अँकर हे तुमचं. स्वतः बसवलेलं फर्निचर, एसी, रॅक ताबा असतानाच काढा. किल्ली दिल्यावर त्यासाठी परत मागे लागावं लागतं. स्लॅबचं काम मधल्या काळात मालकाने केलं असेल तर त्याचं बिल डिपॉझिटच्या हिशोबात घुसलेलं नाही ना, ते एकदा नीट वाचा. ताबा दिल्याची पावती आणि डिपॉझिटचा धनादेश एकाच बैठकीत अदलाबदल करा, आणि धनादेश वटेपर्यंत करार, नोटिसा, बिलं असलेली फाइल फेकू नका.